दहा मिनिटांच्या उजेडातलं बालपण: सार्जंटचं एक तैलचित्र समजून घेताना

लंडनच्या टेट ब्रिटन या संग्रहालयाकडे जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराचं एक मोठं तैलचित्र आहे. उंची १७४ सेंटिमीटर, रुंदी जवळपास १५४. संध्याकाळची बाग, पावलं बुडतील एवढं हिरवंगार गवत, डोक्याच्याही वर गेलेली पांढरी लिली, आणि त्यात पांढऱ्या झग्यातल्या दोन मुली कागदी कंदील पेटवताहेत. चित्राचं नाव 'कार्नेशन, लिली, लिली, रोझ'. जोसेफ मॅझिंगी या संगीतकाराच्या, त्या काळी लोकप्रिय असलेल्या एका गाण्यातली ही ओळ. सार्जंट आणि त्याचे मित्र संध्याकाळी पियानोभोवती जमून ते गाणं म्हणत.

चित्र पाहणारा माणूस कलेचा जाणकार असो नसो, बहुतेक वेळा एकच म्हणतो: स्वप्नासारखं आहे. ते खरंच आहे. पण जरा थांबून पाहिलं तर कोडं पडतं. चित्रात परी नाही, धुकं नाही, हवेत तरंगणारं काही नाही. दिसतं ते सगळं एका खऱ्या बागेत, खऱ्या मुलींच्या अवतीभवती होतं. सार्जंटने ते समोर ठेवून, रोज संध्याकाळी बाहेर उभं राहून रंगवलं. मग स्वप्न आलं कुठून?

मला वाटतं, ते नेमकेपणातून आलं. दिवसातली अशी काही मिनिटं असतात जेव्हा खरं जगच स्वप्नासारखं दिसतं, आणि सार्जंटने तीच मिनिटं पकडली. त्यामागे उजेडाचं गणित आहे, आपल्या डोळ्यांची रचना आहे आणि तैलरंगाचा स्वभाव आहे. बालपणाची निरागसता म्हणून आपल्याला जे जाणवतं, तेही मुलींच्या गोड चेहऱ्यांमुळे नव्हे. चेहरे तर नीट दिसतही नाहीत. ते वेगळ्याच ठिकाणाहून येतं. तिथे शेवटी पोचू.

चित्र जन्मलं कसं

सार्जंट जन्माने फ्लॉरेन्सचा, आईवडील अमेरिकन, शिक्षण पॅरिसचं. १८८४ साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात त्याने 'मादाम एक्स' हे व्यक्तिचित्र लावलं आणि गहजब झाला. काळा तंग पोशाख, घसरलेला खांद्याचा पट्टा, पांढरीफटक त्वचा. पॅरिसला ते अशोभनीय वाटलं. तिथे कामं मिळेनात म्हणून तो इंग्लंडकडे वळला. तिशीही न गाठलेला, हातात विलक्षण कौशल्य असलेला आणि डोक्यावर बदनामीचं ओझं घेतलेला हा माणूस होता.

१८८५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी तो चित्रकार मित्र एडविन ऑस्टिन ॲबी याच्यासोबत टेम्स नदीवर होडीतून भटकत होता. पँगबोर्न या गावापाशी पाण्यात सूर मारताना त्याच्या डोक्याला मार लागला. विश्रांतीसाठी ॲबी त्याला वुस्टरशरमधल्या ब्रॉडवे या खेड्यात घेऊन गेला. तिथे अमेरिकन चित्रकार फ्रँक मिलेट याच्या घरी कलावंतांचा मेळा जमलेला असे. कादंबरीकार हेन्री जेम्स, समीक्षक एडमंड गॉस, फुलांची चित्रं काढणारा आल्फ्रेड पार्सन्स. पँगबोर्नला नदीकाठी झाडांमध्ये टांगलेले कागदी कंदील आणि लिलीची फुलं सार्जंटने पाहिली होती. ते दृश्य डोक्यात घेऊनच तो ब्रॉडवेला आला आणि कामाला लागला.

सुरुवातीला मिलेटच्या पाच वर्षांच्या मुलीला सोनेरी केसांचा टोप घालून उभं केलं. पण लवकरच तिच्या जागी चित्रकार फ्रेडरिक बर्नार्डच्या दोन मुली आल्या: डॉली, वय ११, आणि पॉली, वय ७. त्यांच्या केसांचा रंग सार्जंटला हवा तसा होता. डावीकडची डॉली, उजवीकडची पॉली.

पुढचं एडमंड गॉसने लिहून ठेवलं आहे आणि ते वाचताना दृश्य डोळ्यांसमोर उभं राहतं. दुपारपासून सगळी मंडळी हिरवळीवर टेनिस खेळत. कॅनव्हास ठेवायचा लाकडी घोडा, कॅनव्हास, रंग, फुलांच्या कुंड्या, मुली, सगळं आधीच जागच्या जागी मांडून ठेवलेलं. सार्जंटही खेळत असे, पण डोळा उजेडावर. ठरलेला क्षण आला की रॅकेट टाकून तो चित्राकडे धावे. धोबी पक्षी जसा तुरुतुरु पुढे जातो तसा पुढे जाई, भराभर फटकारे मारी, मागे पळे, लांबून बघे, पुन्हा पुढे. गॉसच्या म्हणण्याप्रमाणे हे दोन-तीन मिनिटं चाले. मग उजेड जाई, आणि जेवढा संधिप्रकाश उरला असेल तेवढ्यात पुन्हा टेनिस.

सप्टेंबर ते नोव्हेंबर १८८५ असं चाललं. थंडी वाढली तेव्हा मुलींना झग्याच्या आत घोट्यांपर्यंत येणारे लोकरी स्वेटर घालावे लागले. सार्जंट स्वतः उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेल्या माणसासारखा गुंडाळलेला असे. गुलाब वाळले, तेव्हा झुडपांना कृत्रिम फुलं बांधली. चित्र तरीही झालं नाही. मग पुढच्या वर्षी लिलीचे कंद आधीच पाठवून कुंड्यांत लावून ठेवायला सांगितले, आणि १८८६ च्या ऑक्टोबरात ते पूर्ण झालं. मधे कधीतरी त्याने कॅनव्हासची डावी बाजू सुमारे दोन फूट कापूनही टाकली. म्हणून आज ते जवळपास चौकोनी दिसतं.

उजेडाचं गणित

काम चालू असताना बहिणीला लिहिलेल्या पत्रात सार्जंटने तक्रार केली आहे की विषय भयंकर अवघड आहे, रंग पुरेसे तेजस्वी नाहीत, आणि हवा असलेला परिणाम जेमतेम दहा मिनिटं टिकतो. ही तक्रार दोन भागांत सोडवून पाहिली की निम्मं चित्र कळतं.

आधी दहा मिनिटं घेऊ. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी लगेच अंधार होत नाही, कारण वरच्या हवेवर ऊन पडत असतं आणि ते विखरून खाली येतं. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा हा काळ मुंबईत साधारण २२ मिनिटांचा. ब्रॉडवे बरंच उत्तरेला आहे. तिथे सूर्य तिरका मावळतो, म्हणून सप्टेंबरात हाच काळ ३३ मिनिटांच्या आसपास असतो. एवढ्या वेळात जमिनीवरचा उजेड शंभरेक पटीने घटतो. म्हणजे सरासरी काढली तर दर पाच मिनिटांनी निम्मा. कंदिलातली मेणबत्ती मात्र तेवढ्याच ज्योतीने जळत असते.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. सुरुवातीला आकाश इतकं उजळ असतं की कंदील पेटला आहे हेसुद्धा जाणवत नाही. शेवटी कंदील इतका जबर होतो की बाग काळी पडते. अधेमधे एक टप्पा येतो जेव्हा आकाशाचा निळसर उजेड आणि कंदिलाचा नारिंगी उजेड सारख्याच ताकदीचे असतात. निळा सगळीकडून, पसरलेला, सावली न पाडणारा. नारिंगी आतून, एका जागेहून, फक्त हात आणि चेहरा उजळणारा. दोघांपैकी कुणीच कुणाला झाकत नाही. हा टप्पा काही मिनिटांचाच असतो. सार्जंट त्याचीच वाट बघत टेनिस खेळत होता.

दिवाळीत आकाशकंदिलाचा फोटो काढणाऱ्याला हे न शिकवता कळलेलं असतं. रात्री दहाला काढला तर एक तर कंदील पांढराफट येतो किंवा त्याच्यामागचं घर नाहीसं होतं. तोच दिवेलागणीला काढला तर कंदिलाच्या कागदाची नक्षी, गॅलरीचे गज आणि मागचं निळं आभाळ, सगळं एका फोटोत मावतं.

इथेच दुसऱ्या तक्रारीचं उत्तर आहे. रंग स्वतः उजेड देत नाही, पडलेला उजेड परत फेकतो. उत्तम पांढरा रंग साधारण ९० टक्के परत फेकतो, गडद काळा दोन-चार टक्के. म्हणजे चित्रकाराकडे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद यांच्यात तीस-चाळीस पटीचाच पल्ला आहे. खऱ्या जगात जळती ज्योत आणि झुडपाखालची सावली यांच्यातला फरक हजारो पटींचा असतो. तो कॅनव्हासवर मावणं शक्य नाही. मग चित्रकार दोन वाटा काढतो. पहिली, असा क्षण निवडायचा जेव्हा जगाचाच पल्ला आकसलेला असतो. संधिप्रकाशात ऊन नाही, गडद सावलीही नाही, सगळं मधल्या पट्टीत. सार्जंटचे पॅरिसमधले गुरू कॅरोलस-द्युराँ शिकवायचेच असं, की आधी मधली छटा अचूक पकडा, मग जपून उजेडाकडे आणि अंधाराकडे जा. या बागेत जवळजवळ सगळ्याच छटा मधल्या होत्या.

दुसरी वाट म्हणजे तेज वाढवता येत नाही तर रंगांमधला विरोध वाढवायचा. नारिंगीच्या शेजारी निळसर ठेवला की दोन्ही एकमेकांना चढवतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्हरूल याने १८३९ साली याचे नियम पुस्तकात मांडले होते आणि पुढच्या चित्रकारांनी ते मनापासून वापरले. या चित्रातले पांढरे झगे नीट बघा. त्यांत शुद्ध पांढरा फार थोडा आहे. बहुतेक भाग फिकट जांभळा, निळसर राखाडी, कुठे हिरवट. आपण त्याला पांढरं म्हणतो, कारण मेंदू संध्याकाळचा निळा उजेड वजा करून टाकतो. आणि त्या निळसर झग्यांमुळेच कंदील पेटलेले वाटतात.

सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र इथे तुलनेला घ्यावंसं वाटतं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते आहे, ओळखलं जातं 'ग्लो ऑफ होप' या नावाने, आणि अनेकजण ते चुकून राजा रविवर्म्याचं समजतात. १९४०च्या दशकात हळदणकरांनी स्वतःच्या मुलीला समोर उभं करून ते केलं. तिथे उजेड एकच, दिव्याचा. बोटांतून लालसर झिरपणारा, चेहऱ्यावर चढणारा. बाकी अंधार. त्या एकाच दिव्यामुळे ते चित्र गंभीर, प्रार्थनेसारखं वाटतं. सार्जंटच्या चित्रात उजेड दोन आहेत आणि त्यांच्यात बरोबरी आहे, म्हणून दिवस आहे की रात्र याचा निर्णय मनात होत नाही. स्वप्नासारखं वाटण्याचं पहिलं कारण हा न झालेला निर्णय.

डोळा काय करतो

दुसरं कारण आपल्या डोळ्यात आहे. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी दिवसा काम करतात, रंग आणि बारकावे त्यांच्यामुळे दिसतात. दंडपेशी कमी उजेडात काम करतात, त्यांना रंग कळत नाही आणि नजरेच्या अगदी मध्यबिंदूत त्या नसतातच. कातरवेळी दोन्ही अर्धवट चालू असतात. दंडपेशींना निळा-हिरवा उजेड जास्त जाणवतो आणि लाल जवळजवळ जाणवत नाही. म्हणून दुपारी झगझगीत दिसणारा लाल गुलाब संध्याकाळी काळपट होतो आणि त्याच्या शेजारची पानं उजळ वाटू लागतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने १८१९ च्या सुमारास हे नोंदवलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

हे ध्यानात ठेवून चित्राकडे वळा. गुलाब आणि कार्नेशन आहेत, पण ते ओरडत नाहीत. पांढरी लिली मात्र जणू स्वतःच उजेड देते आहे. कडा मऊ आहेत. पण कुठेही धूसर करण्याचा खटाटोप नाही. तिन्हीसांजेला जशा दिसतात तशाच कडा आहेत.

तिसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी चित्रांवर बरंच काम केलं आहे. त्यांचा मुद्दा असा: मेंदूत रंग ओळखणारी यंत्रणा आणि उजेड-अंधारावरून जागा, खोली, हालचाल ओळखणारी यंत्रणा बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. दोन भागांचा रंग वेगळा पण उजळपणा सारखा असेल, तर पहिली यंत्रणा म्हणते इथे वस्तू आहे, आणि दुसरीला ती धड सापडत नाही. त्यामुळे ती वस्तू थरथरल्यासारखी, जागेवर न ठरल्यासारखी वाटते. क्लोद मोनेच्या सूर्योदयाच्या प्रसिद्ध चित्रातला नारिंगी सूर्य असा आहे. काळ्या-पांढऱ्यात पाहिला तर तो मागच्या राखाडी आभाळात जवळजवळ विरघळतो.

सार्जंटचं चित्र फोनवर उघडून ते काळं-पांढरं करून बघा. कंदील, लिली आणि झगे यांच्या उजळपणात फारसं अंतर राहत नाही. पेटलेली वस्तू आणि न पेटलेलं फूल यांतला फरक मुख्यतः रंगाने सांगितला आहे. म्हणून नजर कंदिलावरून फुलावर, फुलावरून बाहीवर घरंगळत राहते. मला स्वतःला हा या चित्रातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. पॉलीच्या झग्याची कड कुठे संपते आणि लिलीची पाकळी कुठे सुरू होते हे शोधत बसावं लागतं.

भर म्हणजे चित्रात आकाश नाही. क्षितिज नाही, वाट नाही, घराची भिंत नाही. आपण किंचित वरून पाहतो आहोत, त्यामुळे हिरवळ मागे जाण्याऐवजी उभ्या पडद्यासारखी वर चढते. वरच्या कडेपर्यंत फुलंच फुलं. त्या काळी युरोपातले चित्रकार जपानी छापचित्रांनी भारावले होते, आणि ही सपाट, सजावटी मांडणी तिथूनच आली आहे. चित्रातले कागदी कंदीलही पूर्वेकडचे. जागेची खोली मोजायला काही आधार नसला की आपण बागेकडे बाहेरून बघत राहू शकत नाही, आत शिरतो. डोक्यावरून जाणारी फुलं आणि सर्व बाजूंनी हिरवा रंग. लहान मूल बाग साधारण अशीच बघत असणार.

तैलरंगच का

पाण्याचा रंग पाणी उडून गेलं की वाळतो. तैलरंगाचं तसं नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि हळूहळू घट्ट थर तयार होतो. पातळ थरालाही काही दिवस लागतात. तोवर रंग हलवता येतो, ओल्यात ओला मिसळता येतो, चाकूने खरवडून काढता येतो.

दोन-तीन मिनिटांच्या खेपा करणाऱ्या माणसाला याचा फार मोठा आधार होता. त्या घरी राहिलेल्या एका चित्रकाराची आठवण आहे की सकाळी न्याहारीनंतर स्टुडिओत जावं तर कॅनव्हास पार खरवडलेला असे. आदल्या संध्याकाळचं काम पसंत पडलं नाही की सार्जंट ते काढून टाकी आणि पुढच्या संध्याकाळी पुन्हा नव्याने लावी. असं पुष्कळदा झालं. त्यामुळे वरचे फटकारे एका दमात मारल्यासारखे ताजे वाटतात, आणि त्यांच्यामागे आठवडेच्या आठवडे गेलेले असतात. गवताची पाती बघा. एकेक पात म्हणजे ब्रशचा एकेक लांब ओढा. घोटून गुळगुळीत केलेलं काही नाही.

बागेत उभं राहून तैलरंगात काम करणं शक्य झालं ते जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारामुळे. त्याने १८४१ साली कथलाच्या पत्र्याच्या, दाबता येणाऱ्या रंगनळीचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत. मोने आणि त्याचे सोबती उन्हात बाहेर पडले ते या नळ्या खिशात घालून, आणि सार्जंटने मोनेला रानाच्या कडेला चित्र काढत बसलेला असतानाच रंगवलंही आहे. तो मोनेकडून शिकला, पण त्याच्यासारखा झाला नाही. मोने उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. सार्जंट एकाच कॅनव्हासला चिकटून राहिला आणि दोन शरद ऋतू त्याच दहा मिनिटांची वाट बघत राहिला.

आणि ती निरागसता

मूल जन्मतः निष्पाप असतं ही कल्पना आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. युरोपात ती तशी नव्हती. ख्रिस्ती शिकवणुकीत मूल आदिम पाप घेऊन जन्माला येत असे आणि त्याला शिस्त लावून सुधारायचं असे. अठराव्या शतकात वारं बदललं. रूसोने १७६२ साली 'एमिल' लिहून सांगितलं की मूल चांगलंच असतं, बिघडवतो तो समाज. त्याच शतकाच्या शेवटी जोशुआ रेनॉल्ड्सने झाडाखाली अनवाणी बसलेल्या, छातीशी हात धरलेल्या छोट्या मुलीचं चित्र काढलं. पुढे ते 'द एज ऑफ इनोसन्स' म्हणून घरोघरी पोचलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळापर्यंत निरागस मूल हा चित्रकारांचा ठरलेला विषय झाला होता.

सार्जंटचं चित्र पूर्ण झालं त्याच वर्षी, १८८६ मध्ये, जॉन एव्हरेट मिलेचं 'बबल्स' लोकांसमोर आलं. कुरळ्या सोनेरी केसांचा मुलगा साबणाच्या फुग्याकडे वर बघतो आहे. मिलेचा तो नातू. मिलेला त्यात फुग्यासारखं क्षणात संपणारं आयुष्य दाखवायचं होतं. पण चित्र पेअर्स साबणाच्या कंपनीकडे गेलं, तिने त्यात साबणाची वडी घातली आणि ते जगभर जाहिरात म्हणून फिरलं. वाईट वाटावं अशीच गोष्ट आहे. पण ते तसं वापरता आलं याचं एक कारण चित्रातच आहे: तो मुलगा आपल्यासाठी बसला आहे. त्याचा चेहरा पुरता उजेडात आहे, गाल टपोरे आहेत, आपण त्याच्याकडे बघून विरघळावं अशी सगळी व्यवस्था आहे.

डॉली आणि पॉली आपल्याकडे बघत नाहीत. दोघींच्या माना खाली, नजर कंदिलात. ज्योत विझू नये, कागदाला लागू नये एवढीच काळजी. आपण तिथे आहोत हे त्यांना माहीतच नाही. हातांकडे बघा: बोटं सावध आहेत, खांदे किंचित आत ओढलेले. लहान मूल एखादं नाजूक काम मन लावून करतं तेव्हा त्याचं अख्खं शरीर त्या कामाभोवती गोळा होतं, ते इथे दिसतं. सार्जंटने गोडवा रंगवला नाही, त्याने एकाग्रता रंगवली. मुलांमधलं जे हेवा वाटण्यासारखं आहे ते हेच, असं मला फार वाटतं. मोठ्या माणसाला हातातलं काम करताना दहा गोष्टी दिसत असतात. या दोघींना एक कंदील पुरतो. आणि उजेडही त्यांना साथ देतो, कारण कंदिलाचा नारिंगी रंग फक्त त्यांच्या हातांपुरता आणि चेहऱ्यांपुरता पोचतो.

त्याच वेळी ही निरागसता कुणाच्या वाट्याला येत होती हेही बघायला हवं. गवतात लोळणारा पांढरा झगा रोज कुणीतरी धुऊन, इस्त्री करून देत होतं. इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली ती १८८० साली. आणि त्याच साम्राज्यात, मुंबईच्या कापड गिरण्यांना लागू असलेला १८८१ चा कायदा म्हणत होता की सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेऊ नये. सात पूर्ण झालेल्यांना दिवसाला नऊ तास राबवायला त्याची हरकत नव्हती. किमान वय नऊ झालं ते १८९१ साली. पॉली बर्नार्ड कंदील धरून उभी होती तेव्हा ती सात वर्षांची होती. यामुळे चित्र खोटं ठरत नाही. उलट मला त्याची किंमत जास्त कळते. कामात असं गढून जाण्याची क्षमता गिरणीतल्या मुलांमध्येही तेवढीच होती, फक्त त्यांच्या हातात कंदिलाऐवजी तुटलेला धागा होता आणि संध्याकाळ त्यांच्या मालकीची नव्हती.

बघायचं कसं

१८८७ साली लंडनच्या रॉयल अकादमीत चित्र लागलं. काही टीकाकारांना ते फारच फ्रेंच वाटलं, पण त्याच वर्षी चँट्री निधीतून ते राष्ट्रासाठी विकत घेतलं गेलं. तिथून इंग्लंडमध्ये सार्जंटचा जम बसला. पुढे वीसेक वर्षं तो उमरावांची आणि धनिकांची व्यक्तिचित्रं काढत राहिला, आणि बागेत इतका वेळ उभं राहण्याची संधी त्याला अशी पुन्हा मिळाली नाही.

टेटच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून पाहता येतं. आधी फोन लांब धरून पूर्ण चित्र बघा आणि डोळे अर्धे मिटा. बारकावे जातील आणि उजळ ठिपक्यांची एक माळ चित्रभर फिरताना दिसेल. मग मोठं करून कागदी कंदिलाच्या घड्यांवर या. ज्योतीजवळ फिकट पिवळा, कडेला गुलाबी-नारिंगी, आणि त्या नारिंगीला लागूनच राखाडी-निळा. पांढरा कुठे शुद्ध वापरला आहे तेही शोधा. फार थोड्या जागी सापडेल. सगळ्यात शेवटी वरच्या लिली आणि मुलींची डोकी यांची उंची ताडून पाहा. फुलं वर आहेत, मुली खाली. बाग मोजायला सार्जंटने मोठ्या माणसाचं माप वापरलेलं नाही.